विंडो अडकली: आधी उपाय की आधी कारण?

(मावशी नव्वदच्या दशकापासून सी प्लस प्लसमध्ये विंडोजसाठी आणि पुढे क्यूटी वापरून सॉफ्टवेअर लिहीत आली आहे. भाचा पायथन आणि टिकिंटर वापरून लहान दुकानांना बिलाचे आणि साठ्याचे प्रोग्राम करून देतो. दोघांचं काम एकच, पण प्रोग्राम अडला की पहिला हात कुठे घालायचा यावर दोघांचं जमत नाही. खतं-बियाण्यांच्या एका दुकानाच्या प्रोग्रामवरून रंगलेला हा त्यांचा वाद.)

भाचा: 'अहवाल काढा' हे बटण दाबलं की विंडो फिकट पडायची, वर 'नॉट रिस्पाँडिंग' यायचं आणि दुकानदार वैतागून प्रोग्राम बंद करायचा. मी हिशेबाच्या लूपमध्ये टिकिंटरचं 'अपडेट' टाकलं. एक ओळ. आता विंडो जागी राहते, प्रगतीची पट्टी सरकते, दुकानदार खूश. विषय संपला.

मावशी: ती ओळ टाकल्यावर नेमकं काय बदललं, सांगशील?

भाचा: विंडो मधूनमधून स्वतःला रंगवून घेते.

मावशी: आणि आणखी काय काय करते? हे बघ, डेस्कटॉप प्रोग्रामच्या पोटात एक इव्हेंट लूप फिरत असतो. माऊसचा क्लिक, दाबलेली कळ, टायमर, झाकलेल्या विंडोचा उघडा पडलेला भाग, सगळ्यांचे निरोप एका रांगेत येतात. लूप एक निरोप उचलतो, त्याचं फंक्शन चालवतो, ते परत येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा घेतो. एसटी स्टँडवर आरक्षणाची एकच खिडकी असावी आणि आतला माणूस एका प्रवाशाचं सामान गाडीत चढवायला निघून जावा, तसं तुझं अहवालाचं फंक्शन करत होतं. रांग तुंबली. सुमारे ५ सेकंद विंडोने एकही निरोप उचलला नाही की विंडोज तिला अडकलेली समजतं आणि तिच्या जागी तिचीच एक नक्कल उभी करतं. तुला दिसलेली फिकट विंडो ती नक्कल. ती हलवता येते, बंद करता येते, पण तिच्यामागे तुझा प्रोग्राम नसतो.

भाचा: म्हणजे 'अपडेट'ने रांग पुढे सरकवली. हेच तर हवं होतं.

मावशी: रांगेतलं सगळं सरकवलं, ही अडचण आहे. अहवाल अर्धा झालेला असताना दुकानदाराने तेच बटण पुन्हा दाबलं, तर? 'अपडेट' तो क्लिकही उचलणार. पहिला अहवाल अर्धवट ठेवून त्याच्या पोटात दुसरा सुरू होणार. त्याने फुलीवर क्लिक केलं तर विंडो नष्ट होईल, तुझं फंक्शन मात्र पुढे जाऊन नसलेल्या लेबलवर आकडा लिहायला बघेल. क्यूटीत 'प्रोसेस-इव्हेंट्स' नावाचं फंक्शन आहे, त्याचंही हेच दुखणं.

भाचा: मग काम चालू असेपर्यंत बटण बंद करतो. आणखी एक ओळ.

मावशी: मेनूतली तीच आज्ञा? कीबोर्डचा शॉर्टकट? दर मिनिटाला साठा वाचणारा टायमर?

भाचा: बरं, 'अपडेट'ऐवजी 'अपडेट-आयडलटास्क्स' वापरतो. त्यात फक्त राहिलेलं रंगकाम होतं, क्लिक उचलले जात नाहीत.

मावशी: क्लिक उचलले जात नाहीत, म्हणजे विंडोजच्या लेखी तू पुन्हा अडकलेलाच.

भाचा: मावशी, तू सांगतेस ते खोटं नाही. पण त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. पेरणीचे दिवस, संध्याकाळपर्यंत प्रोग्राम चालायला हवा होता. तुझ्या पद्धतीने रचना बदलायला घेतली असती तर दुकानदार वहीपेन्सिलीवर परत गेला असता. चालणारा उपाय आधी, शास्त्र नंतर.

मावशी: घाई मला समजते. पण रचना बदलणं तुला वाटतं तेवढं मोठं काम नव्हतं. काम तुकड्यांत तोडायचं: शंभर नोंदी हिशेबात घ्यायच्या, 'आफ्टर'ने पुढच्या शंभरांची वेळ लावायची आणि लूपकडे परत यायचं. तेही नको असेल तर काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाकायचं. किती वेळाला काय करायचं याचा ठोकताळाही आहे. याकोब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा आजही वापरतात: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. सेकंदाच्या आत संपणाऱ्या कामासाठी थ्रेड कशाला? दहाच्या पुढे जाणाऱ्या कामाला मात्र प्रगती दाखवायची सोय हवी आणि 'रद्द करा'ही हवं.

भाचा: थ्रेड मी वापरून पाहिलाय. त्यातून तर आणखी वाईट आजार निघाला. आधी विंडो दर वेळी अडकायची, थ्रेड टाकल्यावर कधीतरी अडकायला लागली. दर वेळी येणारा दोष मी शोधू शकतो. 'कधीतरी'चं काय करू?

मावशी: त्या थ्रेडमधून तू लेबलं बदलत होतास का?

भाचा: हो. काम तिथे चाललंय, तर आकडाही तिथूनच लिहिणार ना!

मावशी: इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. विजेटला फक्त मुख्य थ्रेडनेच हात लावायचा, हा नियम जवळपास सगळ्या टूलकिटमध्ये आहे आणि तो आळसातून आलेला नाही. जावाच्या सुरुवातीच्या एडब्ल्यूटीत कुठल्याही थ्रेडने विजेट वापरावेत अशी इच्छा होती. ते जमलं नाही, म्हणून पुढच्या स्विंग या टूलकिटने एकाच थ्रेडचा नियम घातला. जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्समधले ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली या अपयशावर लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचा क्लिक खालून वर येतो: ऑपरेटिंग सिस्टिमकडून टूलकिटकडे, तिथून तुझ्या कोडकडे. तुझ्या कोडची आज्ञा वरून खाली जाते. दोघेही वाटेतली कुलुपं लावत चालतात, पण उलट्या क्रमाने. कधीतरी मधल्या जिन्यात दोघे समोरासमोर येतात, प्रत्येकाला हवं असलेलं कुलूप दुसऱ्याच्या हातात असतं आणि कोणीच हलत नाही. 'कधीतरी' येणारे अडथळे असे येतात.

भाचा: टिकिंटर तर म्हणतं, दुसऱ्या थ्रेडमधून बोलावलं तरी मी निभावून नेतो.

मावशी: निभावतं, एका अटीवर. ते दुसऱ्या थ्रेडची आज्ञा मुख्य थ्रेडच्या रांगेत ठेवतं आणि ती पुरी होईपर्यंत त्या थ्रेडला थांबवतं. मुख्य थ्रेड तेव्हा लूपमध्ये हवा. तू बटणाच्या फंक्शनमध्ये थ्रेड सुरू करून लगेच 'जॉइन' लिहिलं होतंस?

भाचा: अहवाल पूर्ण झाल्याशिवाय छापायला कसा पाठवणार? छापायचा असेल तेव्हापुरतं लिहिलं होतं.

मावशी: म्हणजे मुख्य थ्रेड कामगार थ्रेड संपायची वाट बघतोय आणि कामगार थ्रेड मुख्य थ्रेडने लेबल बदलावं म्हणून थांबलाय. सकाळपर्यंत बसले असते दोघे. डॉटनेटमध्ये 'इन्व्होक' आणि 'बिगिन-इन्व्होक' असे दोन प्रकार आहेत. पहिला काम होईपर्यंत थांबतो, दुसरा चिठ्ठी ठेवून निघून जातो. पहिला वापरून हीच गाठ मारणारे ढिगाने भेटतील. २००५ साली डॉटनेट २.० आल्यापासून डीबगरखाली चालवताना चुकीच्या थ्रेडमधून कंट्रोलला हात लावला की सरळ एरर मिळतो. त्याआधी तो प्रोग्राम गुपचूप चालायचा, आणि मग एक दिवस चालायचा नाही.

भाचा: मग टिकिंटरमध्ये सुरक्षित मार्ग कुठला?

मावशी: कामगार थ्रेडने विजेटचं नावही घ्यायचं नाही. निकाल एका 'क्यू'मध्ये टाकायचा. मुख्य थ्रेडने 'आफ्टर'ने दर १०० मिलिसेकंदांनी त्या क्यूत डोकावायचं आणि जे असेल ते लेबलवर लिहायचं. 'संपलं' असा निरोप आला की छपाई. 'जॉइन'ची जागा त्या निरोपाने घ्यायची. क्यूटीत सिग्नल दुसऱ्या थ्रेडमधल्या ऑब्जेक्टला जोडला असेल तर तो आपोआप असाच रांगेतून जातो.

भाचा: हे मी करीन. पण आता माझी बाजू ऐक. तुझ्या शास्त्रावर विसंबून मी एकदा चुकीच्या दाराशी उभा होतो. साठ्याची यादी उघडायला फार वेळ लागायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, डेटाबेस धीमा आहे, क्वेरी थ्रेडमध्ये टाक. तूही तेच म्हणाली असतीस.

मावशी: बहुतेक म्हणाले असते.

भाचा: मी तसं काही न करता पायथनचं 'फॉल्ट-हँडलर' लावलं. ठरावीक सेकंद उलटले की प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठल्या ओळीवर उभा आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवतं. पुन्हापुन्हा लिहून घेतलं. दर वेळी मुख्य थ्रेड एकाच ओळीवर: फॉन्टमध्ये शब्दाची रुंदी मोजणं. स्तंभाची रुंदी बरोबर बसावी म्हणून मी प्रत्येक ओळ टाकताना प्रत्येक रकाना मोजत होतो. डेटाबेस डोळ्याचं पातं लवायच्या आत मोकळा झालेला. क्वेरी थ्रेडमध्ये टाकली असती तर कोड किचकट झाला असता आणि यादी तेवढीच रेंगाळली असती. म्हणून माझं म्हणणं, आधी मोजा, मग तर्क करा.

मावशी: इथे तुझं बरोबर आहे. अडकलेला प्रोग्राम म्हणजे पुरावा जागच्या जागी असलेली घटना. लोक तो आधी बंद करतात आणि मग कारण शोधत बसतात. चालू प्रोग्रामला बाहेरून 'पाय-स्पाय' लावता येतं, जावात 'जे-स्टॅक' आहे, सी प्लस प्लसमध्ये डीबगर जोडून 'पॉज' दाबायचं. दोन-तीनदा बघितलं की कारण बहुतेक वेळा समोर येतं. पण एक सांग, त्या फाइलमध्ये सगळ्या थ्रेडची माहिती असताना तू मुख्य थ्रेडच का वाचलास?

भाचा: कारण अडकलेली विंडो म्हणजे अडकलेला मुख्य थ्रेड.

मावशी: हे तुला फाइलने सांगितलं नव्हतं. इव्हेंट लूप कसा चालतो हे ठाऊक होतं म्हणून पुरावा वाचता आला.

भाचा: मान्य. पण सगळ्याच ठिकाणी एवढं खोल जायची गरज नसते. लेबलवर लावलेलं चित्र दिसतच नाही, हा टिकिंटरमधला घरोघरचा प्रश्न. चित्राचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत होतं, फंक्शन संपलं, पायथनने ते साफ केलं, चित्र गेलं. लेबललाच एक गुणधर्म जोडून त्यात चित्र ठेवायचं. एक ओळ, काम झालं.

मावशी: आणि पायक्यूटीत दुसरी विंडो क्षणभर चमकून नाहीशी होते, त्याला?

भाचा: त्यालाही एक ओळ. विंडो 'सेल्फ'मध्ये ठेवायची.

मावशी: आणि आतला ऑब्जेक्ट आधीच पुसला गेला आहे असा एरर येतो, तेव्हा?

भाचा: ते अजून नीट उमगलेलं नाही.

मावशी: तिन्ही एकाच घरातले आहेत. प्रश्न एवढाच, की ही वस्तू कोणी धरून ठेवली आहे? पहिल्या दोन ठिकाणी कोणीच धरली नव्हती, म्हणून पायथनने साफ केली. तिसऱ्या ठिकाणी तू पायथनमध्ये धरून बसलास, पण क्यूटीत पालक विजेट गेला की त्याची मुलंही जातात. तुझ्या हातात पोकळ वेष्टन राहिलं. तीन उपाय तीन ठिकाणांहून उचलण्यापेक्षा हा एक प्रश्न विचारला असतास तर तिसरंही उमगलं असतं.

भाचा: चुकीच्या कंसाला मात्र असलं घराणं नाही हं. बटणाच्या 'कमांड'मध्ये फंक्शनचं नाव देऊन पुढे कंस लावले की फंक्शन विंडो उघडतानाच चालतं आणि बटण मुकं राहतं. कंस काढले की झालं. एकाच चौकटीत 'पॅक' आणि 'ग्रिड' मिसळले की टिकिंटरच्या आतलं जुनं टीके कायमचं घुटमळत राहायचं, आता निदान एरर देतं. यात चर्चेला जागाच नाही.

मावशी: नाहीच. अशा ठिकाणी मीही शोधून ओळ बदलते आणि पुढे जाते. मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्या चुकांची. दुकानदार म्हणतो, 'बटण दाबलं, काहीच झालं नाही.' तेव्हा तू काय करतोस?

भाचा: हा माझा सर्वात छळणारा प्रकार. टिकिंटरमध्ये बटणाच्या फंक्शनमध्ये चूक झाली की तो एरर कन्सोलवर छापतो आणि लूप पुढे चालू ठेवतो. माझ्या मशीनवर कन्सोल असतो. दुकानात पाठवलेल्या प्रोग्रामला काळी खिडकी नको म्हणून मी ती काढलेली असते. एरर येतो आणि हवेत विरतो. आता मी 'रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन' हे फंक्शन बदललंय: एरर तारखेसह फाइलमध्ये जातो आणि पडद्यावर मराठीत छोटी सूचना येते.

मावशी: चांगलं केलंस. पण प्रोग्राम पुढे चालूच ठेवतोस?

भाचा: ठेवतो. एका अहवालात चूक झाली म्हणून बिलं का थांबवायची?

मावशी: पायक्यूटीने ५.५ आवृत्तीपासून उलटा निर्णय घेतला. स्लॉटमध्ये न पकडलेला एरर आला की सगळा प्रोग्राम बंद. मला ते पटतं. समज, तुझ्या फंक्शनने साठ्यातून पोतं वजा केलं आणि बिल नोंदवायच्या आधी एरर आला. तू पुढे चालू ठेवलंस. आता दिवसभर साठा खोटा. बंद पडलेला प्रोग्राम दुकानदाराला लगेच दिसतो, खोटा साठा महिन्याच्या शेवटी दिसतो.

भाचा: पण बंद पडल्याने वजा झालेलं पोतं परत येतं का? तिथे दोष मी डेटाबेसला नीट न सांगण्याचा आहे. वजाबाकी आणि बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातली तर एरर आल्यावर दोन्ही मागे घेतली जातात. मग प्रोग्राम जिवंत ठेवायला हरकत काय?

मावशी: डेटाबेसपुरती नाही. मेमरीतल्या याद्या, अर्धवट भरलेला फॉर्म, बंद करून पुन्हा न उघडलेलं बटण, यांना ट्रान्झॅक्शन नसतो.

भाचा: एरर आला की तो फॉर्म बंद करून डेटाबेसवरून नव्याने उघडतो. प्रोग्राम जिवंत, फॉर्म नवा.

मावशी: हे चालेल. मी मोठ्या प्रोग्राममध्ये तरी बंद करण्याच्या बाजूने राहीन, पण तुझ्या दुकानासाठी हे चालेल.

भाचा: आता दिसण्याचे प्रश्न. दुकानदाराच्या नव्या लॅपटॉपवर सगळी अक्षरं धूसर.

मावशी: त्याचं डिस्प्ले स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल. विंडोज ९६ डीपीआय म्हणजे १०० टक्के धरतं. स्केलिंग मला समजतं, असं प्रोग्रामने जाहीर केलं नाही तर विंडोज त्याला १०० टक्क्यांवर रंगवू देतं आणि ते चित्र ताणतं. ताणलेलं चित्र धूसर दिसणारच.

भाचा: 'सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस'ची ओळ टाकली आणि अक्षरं धारदार झाली. पण बटणं एकमेकांवर चढली.

मावशी: जागा पिक्सेलमध्ये ठोकल्या होत्यास ना? जबाबदारी घेतो म्हणालास, मग मोजमापं तुलाच सांभाळावी लागणार. 'ग्रिड'ला स्तंभांचं वजन दे, म्हणजे जागा तोच वाटेल. मराठी लेबलांना तर हे दुप्पट लागू. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर लेबल बेतलं की 'पूर्ण'चा खालचा ऊकार किंवा वरचा रफार कापला जातो. विंडोज २००० पासून मंगल होता, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, दोघांची उंची सारखी नाही. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर सिस्टिम तिसराच फॉन्ट आणून लावते. म्हणून पहिल्या दिवसापासून विंडोत खरी मराठी लेबलं भरून बघायची.

भाचा: यावर वाद नाही. माझ्या चाचणीत मी आता 'सेंद्रिय खतांची पूर्तता' हे लेबल ठेवतो. वर अनुस्वार, रफार, खाली ऊकार, सगळं एकात.

मावशी: आणि फोकसचे दोष कसे शोधतोस? किमतीच्या चौकटीतून बाहेर पडताना किंमत तपासायची, तिथे घोळ असला तर?

भाचा: ब्रेकपॉइंट लावत नाही. प्रोग्राम तिथे थांबला की डीबगर पुढे येतो, फोकस स्वतःकडे घेतो आणि जो प्रसंग बघायचा तोच बदलतो. लॉगमध्ये ओळी लिहितो: कोण गेलं, कोण आलं, कधी. आणि दोष अडला तर तेवढाच दाखवणारा तीस-चाळीस ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहितो. त्यात दोष दिसला तर टूलकिट किंवा माझी समज चुकली. नाही दिसला तर मूळ कोडमधलं एकेक काढत जातो.

मावशी: मग तू शास्त्राच्या विरोधात आहेस असं उगाच म्हणतोस.

भाचा: मी क्रमाबद्दल बोलतोय. आधी दोष पुन्हा घडवायचा, मोजायचा, दुकान चालू करायचं, मग कारण. तू कारणाशिवाय ओळ बदलू देत नाहीस.

मावशी: बदल. पण बदललेल्या ओळीशेजारी टिप्पणी लिही: ही ओळ का चालते आणि कधी चालणार नाही. तुझ्या 'अपडेट'शेजारी लिहिलं असतंस, 'बटण पुन्हा दाबलं तर अहवाल दोनदा सुरू होतो', तर पुढे जो कोणी हात घालील त्याला, म्हणजे तुलाच, तो आजार ठाऊक असता.

भाचा: आणि ते कारण मला लिहिता आलंच नाही तर? तेव्हा काय, प्रोग्राम द्यायचा नाही?

मावशी: द्यायचा. पण दुकानदाराला 'दुरुस्त झालं' म्हणायचं नाही. 'आज चालेल, कारण अजून सापडलेलं नाही, पुन्हा अडकला तर बंद न करता मला फोन करा,' एवढं सांगायचं.

भाचा: आणि तो म्हणाला, मग पैसे कशाचे?

मावशी: तेवढी घासाघीस तुला करावीच लागेल. तिच्यासाठी अजून कोणी लायब्ररी लिहिलेली नाही.